डाव्या वाटेवरचे आवाज

मुलांनो, तुम्ही मोबाइलवर एखादे दुकान शोधता तेव्हा कुणाचे तरी नाव सगळ्यांत वर येते ना? सागाच्या एका दाट जंगलात हे काम एक म्हातारे घुबड करीत असे. तीन पायवाटा जिथे मिळतात, तिथल्या उंबरावर ते बसे. दिवसा त्याला धड दिसत नसे, पण कान भारी तिखट. दुकान पाहायला ते कधी गेले नाही. ज्याच्याबद्दल चांगले बोलणे जास्त कानी येई, त्याची वाट ते आधी सांगे. औषध म्हटले की डोंगरापलीकडच्या साळिंदरीचे नाव ठरलेले, कारण तिच्याकडे बरी झालेली जनावरे वर्षानुवर्षे तिच्याबद्दल बोलत आली होती.

उंबराजवळच, डाव्या वाटेला, एका तरसाने औषधांचे नवे दुकान मांडले. खरे सांगायचे तर त्याचा माल अस्सल होता. मुळ्या उकरण्यात त्याचा हात धरणारे कुणी नव्हते. पण नव्या दुकानाबद्दल बोलणार कोण? आठ दिवस चिटपाखरू फिरकले नाही. दोन-चार आजाऱ्यांना बरे करावे, ते आपणहून बोलतील, एवढा धीर हवा होता, आणि तो या गड्याला कुठला! त्याने भृंगराज पक्ष्याला गाठले. हा पक्षी कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. पोटभर किडे देतो, निरनिराळ्या आवाजांत माझी तारीफ कर, असे तरसाने त्याला सांगितले. कुणाच्या आवाजात, ते मात्र विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या वाटेवरच्या बांबूच्या बेटातून आवाज येऊ लागले. सांबर तरसाचे गुण गाई, माकडीण गाई, रानडुक्कर गाई. घुबड तरसाचे नाव पहिले सांगू लागले. गिऱ्हाइके डाव्या वाटेला वळू लागली, पण निम्म्यातूनच परत फिरून उंबरापाशी न थांबता पळत सुटू लागली. तरसाला काही कळेना.

एके सकाळी एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन आली. पाडसाला तीन दिवस हगवण लागली होती, मान उचलत नव्हते. घुबडाने डावी वाट सांगितली. ती बांबूपाशी पोचली तोच आतून कुणीतरी मायेने बोलले, "ये गं बाळे, इथलीच साल घे. मला लगेच गुण आला."

हरिणी जागीच थिजली. तो तिच्या आईचा आवाज होता, आणि आई दोन उन्हाळ्यांपूर्वी याच दुखण्याने गेली होती. तिने कान दिला. सांबर बोलत होते, त्याला वाघाने नेलेले. माकडीण बोलत होती, ती वीज पडून गेलेली. जिवंत जनावराची नक्कल केली तर ते भांडायला येईल, म्हणून त्या शहाण्या भृंगराजाने सगळे आवाज मेलेल्यांचे निवडले होते. मेलेले कशाला भांडायला येतात?

हरिणी उंबराखाली परतली आणि तिने रडत रडत सगळे सांगितले. घुबड खालच्या फांदीवर उतरले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. किती जण बोलतात ते मी मोजले. कोण बोलतात ते विचारले नाही." त्याने तिला साळिंदरीची वाट सांगितली. ती वाट दिवसभराची होती.

तरसाने हे ऐकले. एवढ्या चालीत पाडस टिकेल की नाही, याची त्याला खरोखर काळजी वाटली. हगवणीवर लागणारी कुड्याची ताजी साल त्याच्या दुकानात पडलीच होती. तो धावत बांबूपर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, थांब. साल फुकट घेऊन जा. हा माझा स्वतःचा आवाज आहे."

हरिणीला वाटले, हाही त्या मेलेल्यांतलाच एखादा आवाज. तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही, पाडसाला ढुशा देत ती पळतच सुटली. संध्याकाळी ती साळिंदरीकडे कशीबशी पोचली आणि पाडस वाचले, पण थोडक्यात.

घुबडाने डावी वाट पुन्हा कुणाला सांगितली नाही. किडे मिळेनासे झाले तसा भृंगराज उडून गेला. तरस मात्र रोज दारात उभा राहून आपल्या मालाबद्दल हाका मारी. त्याचा शब्द न् शब्द खरा असे, आणि ऐकणारे जीव मुठीत धरून पळत.

तात्पर्य : उसन्या तोंडांनी केलेली तारीफ आपले नाव वर नेईलही, पण ती उघडी पडली की आपल्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.