अडकलेलं चक्र

एका तालुक्याच्या गावी गेनू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. वय चाळीस, अक्कल अजून वाटेत. बहिणीने हट्ट धरला म्हणून दाजींनी, म्हणजे सोपानरावांनी, त्याला हाताखाली घेतलं.

सोपानराव कचेरीबाहेर टाईपरायटर मांडून बसत. यंत्र आजोबांच्या वेळचं, पण शक्कल मोठी नामी. सगळी अक्षरं एका छोट्या चक्रावर कोरलेली. मराठी चक्र काढून इंग्रजी बसवलं की तेच यंत्र इंग्रजी लिहायचं. मला तर त्या कारागिराचं अजून कौतुक वाटतं.

दाजींनी शिकवलं, सांगणारा मराठी बोलला की मराठी चक्र, इंग्रजी बोलला की इंग्रजी.

एक वकीलसाहेब इंग्रजीत अर्ज सांगत होते. मधेच त्यांना ठसका लागला. "जरा पाणी द्या," ते कसेबसे म्हणाले. गेनूने शांतपणे चक्र बदललं आणि 'जरा पाणी द्या' असं टाईप केलं. पाणी काही दिलं नाही.

दाजींनी कपाळाला हात लावला. "माणसाचं ऐकू नको. कागदावर असेल तेच टाईप कर."

मग गजराबाई आल्या. नवरा वारलेला. घर त्यांच्या नावावर करायचा आज शेवटचा दिवस, नाहीतर ते दिराच्या घशात जाणार. घाईत त्यांनी अर्ज वाणसामानाच्या यादीमागे लिहून आणला होता. कागद उलटा, कागद उलटा, असं त्या घसा फोडून सांगत राहिल्या. पण माणसाचं ऐकायचं नव्हतं. गेनूने तहसीलदारांकडे दोन किलो गूळ आणि खोबरेल तेल मागितलं.

दाजी स्वतः टाईप करायला बसले, तर यंत्रच अडकलं. कागदावर नुसतं ग ग ग ग. त्यांनी ते चक्र काढून जवळचं दुसरं मराठी चक्र बसवलं.

"नीट बघ. एकच एक उमटायला लागलं की समजायचं, चक्र अडकलं. यंत्राला हात लावायचा नाही. अडकलेलं काढायचं, दुसरं बसवायचं."

अर्ज झाला. गेनू गजराबाईंना घेऊन कचेरीत तहसीलदारसाहेबांकडे गेला.

साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "उद्या या."

बाई म्हणाल्या, आज शेवटचा दिवस आहे.

"उद्या या."

बाईंना रडू फुटलं.

"उद्या या."

गेनूने कान टवकारले. पुढे होऊन त्याने साहेबांच्या काखेत हात घातले, त्यांना उचललं आणि बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवलं. मग गजराबाईंना साहेबांच्या खुर्चीत बसवलं.

दाजी धापा टाकत आले, तोवर बाईंनी स्वतःचा अर्ज मंजूर करून शिक्का मारला होता. दारात रांग लागली होती. बाकावरून साहेब अजून 'उद्या या'च म्हणत होते.

"अरे, हे काय केलंस?"

"कचेरीला हात लावला नाही, दाजी," गेनू म्हणाला. "अडकलेलं तेवढं बदललं. बघा, कशी चालायला लागली."