पेवाच्या तोंडाशी

राजांची नावेसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी माळावरच्या एका गावात एक वैद्यबाई राहत होती. हाताला गुण असा, की पंचक्रोशीतून माणसे यायची. जीभ मात्र कारल्याची. आपली विद्या ती सुनेला शिकवत होती, आणि सून बिचारी रोज बोलणी खात होती.

एकदा आंब्याखाली एक वाटसरू विव्हळत पडला होता. सून लेपाची वाटी घेऊन धावली. सासूने दंड धरून तिला मागे ओढले.

"वर बघ की गं! आग्या मोहोळ उठलंय. ज्यानं याला पाडलं ते अजून इथंच आहे का, ते आधी बघायचं. औषध मागनं."

मग धूर करून, घोंगडी पांघरून दोघींनी त्याला बाहेर काढले. सुनेला सासूचा राग आला, पण गोष्ट डोक्यात पक्की बसली.

पुढे एका दुपारी घरातली ज्वारी संपली आणि नेमके दारात पाहुणे आले. ज्वारी ठेवली होती पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या खोल कोठारात. पेव उघडले की आतली कोंडलेली हवा दिवसभर जाऊ द्यायची, अशी रीत होती. पण वैद्यबाईच्या लेकाला कुठला दम! तोंडावरचा दगड सरकवला नि उतरला.

"दोन पायल्या पुरतील का गं?" त्याने खालून बायकोला विचारले. ती उत्तर देईपर्यंत तो कोसळला होता.

तिची किंकाळी ऐकून वैद्यबाई धावत आली, मागोमाग शेजारणी आणि गडीही. कुणाच्या रडण्याने कधी न गडबडलेली ती बाई पदर खोचून सरळ पेवात उतरू लागली. सुनेने तिच्या कमरेला मिठी घातली.

"सोड मला! माझं लेकरू आहे ते!"

"माझाही नवरा आहे, आत्याबाई! पण एकाचे दोन झाले, तर वर कोण काढणार?"

सासू ओरबाडत होती, शिव्या देत होती. सुनेच्या काळजाचे पाणी पाणी होत होते. तरी तिने सासूला शेजारणींच्या हाती दिले आणि दोराला बांधून पेटता दिवा आत सोडला. तो अर्ध्यातच विझला.

"नवरा मरतोय आणि ही दिवे सोडतेय!" कुणीतरी म्हणाले.

तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले. कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून गड्यांकडून भराभर खाली-वर करवले, आतली हवा घुसळून काढली. पुन्हा दिवा सोडला. या खेपेस तो तळापर्यंत जळत राहिला. तेव्हा कुठे तिने स्वतःच्या कमरेला दोर बांधला.

"दोर ढिला पडला, तर माझी वाट बघू नका. ओढा!" असे गड्यांना बजावून, श्वास रोखून ती उतरली.

खाली नवऱ्याच्या काखेतून दुसरा दोर बांधून तिने तो हलवला, आणि गड्यांनी दोघांना वर ओढले. नवरा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला उघड्या वाऱ्यात कुशीवर निजवले. थोड्या वेळाने तो खोकला आणि त्याने डोळे उघडले. मग मात्र ती धाय मोकलून रडली.

वैद्यबाई जवळ येऊन बसली. सुनेच्या दंडावर सासूच्याच नखांचे ओरखडे उठले होते. ती त्यांवर हळद लावू लागली.

"आजवर माझं सगळं ऐकलंस, पोरी," ती म्हणाली. "आज ऐकलं नाहीस, म्हणून मी आहे, आणि माझं लेकरूही आहे."

तात्पर्य : माया संकटात उडी घ्यायला लावते, पण माणसाला वर काढतो तो विवेकच.