आग्याकड्यावर दोर का उलगडतात

आमच्या गावाच्या पश्चिमेला आग्याकडा आहे. कड्याच्या पोटात आग्या मधमाश्यांची पोळी लोंबतात. लांबून पाहिली तर काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारखी दिसतात. वर, अगदी कडेला, एक सपाट कातळ आहे. मध काढायला कुणीही खाली उतरण्याआधी दोर या कातळावर पसरतात आणि उतरणाऱ्याच्या घरची बाई तो हातात घेते. दोन्ही मुठींनी उलटा पीळ देऊन ती दोराचे पेड जरासे वेगळे करते, आत पाहते, वास घेते, वीतभर पुढे सरकते. तिचे पाहून होईपर्यंत पुरुष उन्हात उभे राहतात. घाई करायची नाही, मध्ये बोलायचे नाही. पाहुण्यांना गावातले जाणते सांगतात की ही कडेदेवीची पूजा आहे. पूजाबिजा काही नाही. या कातळावर एक बाई ओरडली होती आणि तिचे कुणी ऐकले नाही.

फार जुन्या काळी, असे सांगतात, हैबती नावाचा माणूस मध काढणाऱ्यांचा म्होरक्या होता. त्याच्या घरी आजोबांनी वळलेला एक दोर होता. वर्षभर तो चुलीवरच्या आढ्याला टांगलेला असे, धुराने काळा कुळकुळीत झालेला, आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत. त्याचा पीळ उलगडणे म्हणजे वाडवडिलांवर संशय घेणे. म्हणून आत काय आहे ते कुणी कधी पाहिलेच नाही.

हैबतीच्या मुलाचे नाव धाकू. त्याची बायको भिवरा, खालच्या खोऱ्यातली. तिच्या माहेरी दोर वळायचेच काम चाले. सासरी येताना तिने लुगड्यांच्या खाली आपला ढेरा आणला होता. ढेरा म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या दोन काड्या. त्याला तंतू अडकवून गरगर फिरवला की सुतळी वळली जाते, आणि अशा सुतळ्या एकत्र पिळून दोर होतो. भिवरा रानातून मुरुडशेंगेची साल आणायची, ओढ्यात भिजत घालायची, मऊ झाली की दगडावर बडवून तंतू सोडवायची. संध्याकाळी धाकू तिच्यासमोर बसून दोराचे दुसरे टोक धरायचा.

"एवढा पीळ दोराला घालतेस, का मला?" तो विचारायचा.

"दोर ऐकतो तरी," ती म्हणायची, आणि त्याच्या हातून टोक निसटेपर्यंत पिळत राहायची.

मध काढायचा दिवस जवळ आला. उतरणाऱ्याने आदल्या दिवशी देवळात राहायचे, बायकोचे तोंड पाहायचे नाही, असा नेम होता. धाकू देवळात गेला. इकडे हैबतीने दोर काढून अंगणात ठेवला. अंगण झाडताना भिवराने तो उचलला, आणि तिच्या हाताला तो हलका लागला. तिने आजूबाजूला पाहिले आणि मधोमध पीळ उलटा फिरवला. वरून दोर तुळतुळीत होता. आत नुसता तपकिरी भुसा. तिने फुंकर मारली, तो उडाला.

ती तशीच सासऱ्यापुढे गेली. "मामंजी, आतून दोर संपलाय. मी वळलेला नवा आहे, तो न्या."

"तू पीळ उलगडलास?" हैबतीने एवढेच ऐकले होते. "वर्ष झालं नाही घरात येऊन, आणि माझ्या आज्याची परीक्षा घेतेस?"

"आज्यांची नाही. दोराची."

"बाईनं वळलेल्या दोरावर या घरचा गडी उतरायचा नाही."

सासू चिमाईने तिला दंडाला धरून आत ओढले. "गप गं बाई. थोरांना कळतं."

दुसऱ्या दिवशी पुरुष कड्याकडे गेले. चिमाईची नजर चुकवून भिवरा नवा दोर खांद्यावर टाकून धावत सुटली. बाईने कड्यावर पाऊल ठेवायचे नाही, असाही नेम होताच. नेमांना आमच्या वाडवडिलांकडे कधी तोटा नव्हता.

ती पोचली तेव्हा दोर झाडाला बांधून झाला होता आणि धाकू खाली उतरला होता. ओल्या पाल्याचा धूर वर येत होता, माश्या उठल्या होत्या.

"मामंजी, वर ओढा त्यांना!"

"मागे फिर," हैबती म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

भिवरा कातळावर पालथी पडली आणि खाली ओरडली, "अहो! वर या! अहो!"

त्या काळी बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, असे तिला लहानपणापासून शिकवले होते. खाली धुरात, माश्यांच्या घोंघावण्यात, धाकूला फक्त कुणा बाईची हाक ऐकू आली. आपली बायको कड्यावर येईल हे त्याच्या मनातही येणे शक्य नव्हते. तो खालून हसत ओरडला, "कोणाची बायको रे ती? जा की कुणीतरी, घरी बोलावतेय!"

वरचे पुरुष हसले, म्हणे.

भिवराने नाव घ्यायला तोंड उघडले. आपण नाव घ्यायचे आणि त्याचे काही व्हायचे, अशी भीती तिला वाटली. एक श्वास ती थांबली. त्या श्वासात दोर तुटला.

मग तिने नाव घेतले. सबंध दरीने ते परत परत घेतले.

धाकूला घरी आणले, पण भिवरा कातळावरून उठली नाही. झाडाला राहिलेला तुकडा तिने मांडीवर घेतला आणि सगळ्यांसमोर उलगडत बसली. भुसा तिच्या लुगड्यावर सांडत राहिला. हैबती जवळ येऊन म्हणाला, "पोरी, दे तो माझ्याकडे." तिने मान वर केली नाही.

ती माहेरी गेली नाही. पुढच्या मोसमात पुरुष आपले दोर घेऊन तिच्या दारात येऊ लागले, हैबती सगळ्यात पुढे. ती दोर उलगडून पाहायची. सडका निघाला तर कड्यावरून फेकून द्यायची, आणि कुणी चकार शब्द काढत नसे. हैबतीने तिची माफी मागितली का, हे मात्र कुणी सांगत नाही. मी विचारून पाहिले आहे. म्हातारे विषय बदलतात.

आजही दोर पाहून झाला की बाई कड्याच्या टोकाशी जाते आणि कमरेला दोर बांधून उभ्या असलेल्या नवऱ्याला मोठ्याने, नाव घेऊन हाक मारते. त्याने "ओ" दिल्याशिवाय दोर सोडत नाहीत. पण त्याआधी सगळ्या बायका मिळून खाली दरीत एक हाक देतात, "धाकू!" आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ सगळे थांबतात.