अंगठ्याखालचा आकडा

"आणि चुका शोधायचं कधी थांबवलंस?"

चहात साखर किती, असं विचारावं तसा मुजावर सरांचा सूर होता. उन्मेषला आधी तो प्रश्न वाटलाच नाही.

"सापडल्या तेवढ्या सगळ्या काढल्या, सर."

"ते कळलं. थांबलास कधी?"



इथं थोडं मागचं सांगायला हवं. मी पोतदार, सरांचा जुना विद्यार्थी. पीएचडी अर्धवट सोडून सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो, त्यामुळे सरांचं माझ्यावर प्रेम आहे आणि अपेक्षा नाही. रविवारी सकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी मिरजेला त्यांच्या घरी जाऊन बसतो. गठ्ठा बहुतेक तसाच परत येतो, पण तो भाग वेगळा.

उन्मेष गुरव हा सरांचा शेवटचा विद्यार्थी. सर निवृत्त झाले तेव्हा तो नुकताच आला होता. कागदोपत्री आता त्याला दुसरे मार्गदर्शक आहेत, पण अडलं की तो मिरजेची गाडी पकडतो. पोरगा हुशार आहे. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज कधी पडली नाही.

त्या रविवारी तो प्रबंधाचा मसुदा आणि प्रयोगाची वही घेऊन आला. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. जूनपासून जर्मनीत नोकरी ठरलेली होती.

त्याचा प्रयोग समजायला सोपा आहे, करायला नाही. यंत्रात प्रोटॉनना वेग द्यायचा, त्यांची शलाका स्कँडियम नावाच्या धातूच्या पातळ पापुद्र्यावर सोडायची आणि किती प्रोटॉनांमागे एक अणुगर्भ बदलला ते मोजायचं. डोळे मिटून चिंचेच्या झाडावर दगड मारत सुटावं आणि पडलेल्या चिंचा मोजून एकेक चिंच केवढी असेल ते सांगावं, तसला हा उद्योग. त्या 'केवढी'ला काटछेद म्हणतात. तो मिलिबार्नमध्ये सांगतात.

सरांनी तो एकतीस वर्षांपूर्वी मोजला होता. शेहेचाळीस मिलिबार्न. तेव्हापासून सगळ्या तक्त्यांत तोच आकडा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका परदेशी गटाने तो पुन्हा मोजला आणि अडतीस आला म्हणून छापलं. सरांचं नाव घेऊन, जुन्या उपकरणांच्या मर्यादांबद्दल एक सभ्य वाक्यही लिहिलं. ते वाक्य उन्मेषला असं झोंबलं, की त्याने चालू असलेलं काम बाजूला ठेवून हाच प्रयोग हाती घेतला. जिवाचं रान केलं.

त्याचं उत्तर आलं पंचेचाळीस पूर्णांक आठ.

सरांची अब्रू सोडवून आणली, अशा तोऱ्यातच तो घरात शिरला होता. मसुद्याच्या पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'ज्यांचा आकडा कोणालाही हलवता आला नाही, त्या माझ्या सरांना.' सरांनी ते वाचलं, पान उलटलं, मसुदा बाजूला ठेवला आणि वही मागितली. तासभर वही वाचली. मग तो प्रश्न विचारला.

"बरं, दुसरं सांग," सर म्हणाले. "पहिल्यांदा किती आलं होतं?"

उन्मेषने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका ओढली.

"सदतीस."

"हं..."

"पण त्यात चुका होत्या, सर. खऱ्या चुका."

मग त्याने त्या एकेक करून सांगितल्या. पापुद्रा मधोमध पातळ निघाला, म्हणजे शलाकेसमोर अणू धरले होते त्यापेक्षा कमी होते. शलाका ज्या धातूच्या पेल्यात जिरते, त्यातून इलेक्ट्रॉन निसटत होते आणि प्रोटॉन होते त्यापेक्षा जास्त मोजले जात होते. बदललेल्या अणुगर्भांतून निघणारे किरण टिपणारं उपकरण दीड मिलिमीटर लांब बसवलं गेलं होतं. शिवाय गर्दीच्या वेळी त्याच्या काही नोंदी हुकत होत्या. सदतीसचे एकोणचाळीस झाले, मग एक्केचाळीस, मग चव्वेचाळीस, आणि शेवटी पंचेचाळीस पूर्णांक आठ.

मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. कुठंही फट नव्हती. माझ्या अर्धवट पीएचडीत असलं एकही पान नव्हतं, हेही कबूल करतो.

"चारही खऱ्या आहेत," सर म्हणाले. "पेल्याची तर मला सुचलीपण नसती."

उन्मेषचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला वाटलं, सुटलो.

"चारही आकडा वर नेणाऱ्या."

"...हो."

"खाली नेणारी एकपण नाही सापडली?"

"नाही, सर."

"शोधलीस?"



सरांनी वही त्याच्यासमोर धरली. बारा जानेवारीपर्यंत समासात शंकांची नुसती गर्दी होती. बाणच बाण, प्रश्नचिन्हं, 'हे पुन्हा बघ', 'हे पटत नाही'. बारा जानेवारीला पंचेचाळीस पूर्णांक आठ आलं. तेराला समास कोरा. सरांनी पान उलटलं... चौदाला कोरा. आणखी एक पान... मग आणखी एक...

 ते सावकाश पानं उलटत राहिले. नऊ पानं झाली, मी मोजली. उन्मेषचे कान लाल झाले होते.

मग त्यांनी वही मिटली आणि मसुद्यातला शेवटचा आलेख उघडला. त्यावर तीन ठिपके होते. खाली एकटा परदेशी गटाचा. वर सरांचा, आणि त्याला अगदी बिलगून उन्मेषचा.

सरांनी स्वतःच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"आता सांग. तुझा आकडा बरोबर कशावरून?"

उन्मेष आलेखावर वाकला.  

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला.

"सर, अंगठा काढा ना," शेवटी तो कसनुसं हसत म्हणाला.

सरांनी काढला नाही.

तेव्हा मात्र पोरगं मोडलं. खाली बघत म्हणालं, "त्यांनी तुमच्याबद्दल तसं लिहायला नको होतं."

"मलापण आवडलं नव्हतं ते. दोन दिवस जेवण गेलं नाही."

मी चमकून वर पाहिलं. सरांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या आठवड्याच्या रविवारीही मी इथंच येऊन बसलो असणार.

"मग, सर?"

"मग तिसऱ्या दिवशी जेवलो. उपकरणं जुनी होतीच की."

उन्मेषने डोळे पुसले. तो हट्टी आहे, लगेच सोडणारा नाही. म्हणजे पहिला सदतीसच बरोबर होता का, असं त्याने विचारलं.

"सदतीस तर चूकच आहे. तूच चार चुका काढल्यास त्यातल्या."

"मग अडतीस?"

"मला काय माहीत?"

"आणि शेहेचाळीस?"

"त्याच्यावर अंगठा आहे."

या सगळ्यात मला हसू आलं, आणि सरांची नजर माझ्यावर वळली. तिथून पुढं मी नुसता बघ्या राहिलो नाही.

सरांनी सांगितलं ते असं. एक गुपित आकडा पोतदारने मनाशी ठरवायचा. उन्मेषने नव्याने घेतलेल्या सगळ्या मोजणीला पोतदारनेच त्या आकड्याने गुणायचं आणि मगच ती त्याच्या हाती द्यायची. म्हणजे आपण सदतीसकडे चाललोय की शेहेचाळीसकडे, हे उन्मेषला कळणारच नाही. त्याने पहिल्यापासून सगळं तपासायचं, वर नेणारं आणि खाली नेणारं. 'आता माझ्याकडे एकही शंका उरली नाही' असं लिहून सही करायची, आणि त्यानंतर पोतदारने गुपित फोडायचं. मग जे येईल ते छापायचं. एक मिलिबार्न इकडं नाही की तिकडं नाही.

"पोतदार सरच का?" उन्मेषने विचारलं.

"उत्तर काय येतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. असा माणूस आपल्यात दुसरा कोण आहे?"

हे मला लागलं. पण खोटं नव्हतं, म्हणून मी उत्तरपत्रिकेवर उगीच एक बरोबरची खूण केली.

"किती वेळ लागेल याला?" सरांनी विचारलं.

उन्मेषने बोटांवर मोजलं. तीन महिने तरी. म्हणजे शुक्रवार गेला, आणि जूनचंही खरं नाही.

सर त्याला हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. प्रबंध त्याचा होता. शुक्रवारी त्याने तो तसाच दिला असता तर परीक्षकांनी पाठ थोपटली असती. एकतीस वर्षांचा आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी उभे आहेत म्हटल्यावर कोण कशाला खोलात शिरेल? हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

उन्मेष बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसला. सरांचा अंगठा अजून तिथंच होता. 

मग त्याने फोन काढला आणि मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. शुक्रवारी प्रबंध देत नाही, कारण तपासणी अर्धवट आहे. दुसरं जर्मनीला लिहिलं. ते लिहायला त्याला जास्त वेळ लागला. दोन्ही धाडून झाल्यावर फोन पालथा ठेवला.

"थांबतील का ते?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

सरांनी आपल्या पुढ्यातली पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. सकाळपासून पोरगं उपाशीच होतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याने दोन बश्या खाल्ल्या.

निघताना तो वाकला. सरांनी त्याला अर्ध्यातच धरून उभा केला आणि त्याची कॉलर नीट केली. आम्ही तिघं फाटकापर्यंत आलो. रिक्षा उभी होती. उन्मेष आत बसला, आणि पुन्हा उतरला.

"सर... तीन महिन्यांनी तुमचा आकडा पडला तर?"

 सर फाटकाची कडी उगीच वरखाली करत राहिले...

"तर लगेच फोन कर. आणि तब्येत-बिब्येत विचारत बसू नको. आकडा आधी सांग."