गेनूच्या पाळीचे वावर

बातमी आली तो दिवस अगदी नेहमीसारखा होता, असे कोरटवाडीचे सिदगोंडा अण्णा सांगतात. सांगताना ते ओढ्यापलीकडे हात करतात. तिथे शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काळ्या रानात मधोमध एक तुकडा पडीक आहे. बाहेरून आलेला माणूस हटकून विचारतो, इतकी कसदार जमीन अशी का टाकली? मग अण्णा घोंगडे सारखे करून बसतात आणि धुळाप्पाचे नाव घेतात.

त्या दिवशी धुळाप्पा आपल्या वावरात तिफण हाकत होता आणि त्याची बायको निंगव्वा तिफणीवरच्या चाड्यात, बी खाली सोडणाऱ्या नरसाळ्यात, बियाणाची मूठ सोडत होती. ऊन सौम्य होते. पेरणीची शेवटची काही तासे, म्हणजे काकऱ्या, राहिली होती. भाकरीबरोबर कांदा आणला आहे की नाही, एवढाच काय तो विचार धुळाप्पाच्या डोक्यात होता. तेवढ्यात नदीकाठचा एक कोळी बांधावर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, "गेनूचं घर कुठलं?"

ही गोष्ट एका मोठ्या दुष्काळानंतरची, म्हणे. दुष्काळाने दावणी रिकाम्या केल्या होत्या. घरटी एखादा बैल उरला होता, आणि एका बैलाला तिफण ओढवत नाही. म्हणून दोन-दोन घरांनी सावड केली. तुझा बैल, माझा बैल, मिळून एक जोडी. पण वाफसा काही दोघांसाठी थांबत नाही. चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी पेरणीजोगी जमीन थोडाच वेळ असते. म्हणून पाळी ठरलेली असे. एका साली एकाचे रान आधी, पुढच्या साली दुसऱ्याचे. जो मागे राही त्याचे पीक हलके येई, आणि ते त्याने मुकाट सोसायचे. ती लहान लहान घरे या एका शब्दावर उभी होती.

धुळाप्पाची सावड गेनूशी होती, आणि त्या साली पाळी गेनूची होती. पण गेनूच्या बियाणाला कीड लागली. नदीपलीकडे बहीण दिली होती, तिच्याकडून बी आणायला तो निघाला. जाताना त्याने आपला बैल धुळाप्पाच्या दावणीला बांधला.

"माझ्या बैलाला उपाशी ठिवलंस तर आल्यावर तुलाच जुंपीन बघ."

"जुंप की. पर वैरण दुप्पट लागंल."

गेनू हसत गेला. त्याची बायको लगमाई ओढ्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली आणि परत आली.

गेनू यायच्या आधी वाफसा आला. धुळाप्पाने थांबून पाहिले. पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. मूठभर माती हातात दाबली की तिचा गोळा होई, पण तोही आता लगेच फुटू लागला. निंगव्वाला घरात राहवेना.

"पाळी गेन्याची हाय," धुळाप्पा म्हणाला.

"पाळी काय चुलीवर शिजती व्हय? ज्याच्या घरात बी न्हाई, त्याच्या रानात काय वारा पेरणार हाईसा?"

धुळाप्पाच्या कणगीत बी होते. निम्मे गेनूच्या रानात आणि निम्मे आपल्या रानात टाकता आले असते. विरळ उगवले असते, पण दोन्ही घरे अर्धपोटी का होईना तगली असती. हे धुळाप्पाला सुचलेच नाही, असे काहीजण म्हणतात. सुचले होते, असे अण्णा म्हणतात. त्याने दोन्ही बैल सोडले आणि आपल्या रानात नेले. वाटेत लगमाईचे दार लागले तेव्हा तो दुसरीकडे बघत गेला.

कोळ्याने बांधावर उभे राहून सांगितले ते थोडकेच होते. नदीला वरचे पाणी आले आणि माणसे पार करणारी डोण, ती लहान नाव, कलंडली. बाकीचे पोहून निघाले. गेनूने पाठीवरचे बियाणाचे पोते सोडले नाही. सोडले असते तर निघाला असता.

निंगव्वाची मूठ चाड्यावर तशीच राहिली. धुळाप्पाने बैल थांबवले नाहीत. हातातले तास त्याने कडेपर्यंत नेले आणि मगच जू उतरवले. असे का केले, ते त्याला पुढे कधी सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी तो कणगीच्या तळाचे बी झाडून घेऊन गेनूच्या रानाकडे गेला. गेनूचा बैल बांधापाशी थांबला. ओढले, चुचकारले, शेवटी चाबूक उगारला, तरी त्याने बांध ओलांडला नाही. तेव्हा धुळाप्पाने जुवाच्या त्या बाजूला आपला खांदा दिला, असे सांगतात. एकीकडे बैल आणि एकीकडे माणूस. पण जमीन आवळून गेली होती. फण वरच्या वर घसरत राहिले.

लगमाई येऊन बांधावर उभी राहिली.

"राहू द्या, भावजी. पाळी त्यांची हुती, ती गेली. आता पेराल ती तुमची."

त्या महिन्यात ती लेकरे आणि बैल घेऊन माहेरी गेली. पुन्हा आली नाही. धुळाप्पाच्या रानातला शाळू माणसाच्या डोक्यावर गेला, पण सगळी कणसे पोचट निघाली, म्हणे. पाण्याचा जराही ताण पडला नव्हता, तरी दाणा भरला नाही. मग त्याने बिरोबापुढे शब्द दिला, की इथून पुढे माझ्या घराच्या बियाणाची पहिली मूठ शेजाऱ्याच्या रानात पडेल, नंतर माझ्या. गेनूच्या रानात मात्र त्याने पुन्हा तिफण घातली नाही. दुसऱ्या कोणालाही घालू दिली नाही.

आजही कोरटवाडीत पेरणीचा पहिला फेरा शेजाऱ्याच्या रानात होतो. वाटण्या होऊन होऊन वावरे इतकी अरुंद झाली आहेत की ट्रॅक्टर वळवायला बांधावर चढवावा लागतो. पोरे पुण्याला गेली. बैल आता मोजक्या घरी उरले. बाहेरगावचा ट्रॅक्टरवाला दरसाल वैतागतो, "अण्णा, दुसऱ्याच्या रानात फेरा मारायचा, मग माघारी यायचं. डिझेल काय बिरोबा घालतो व्हय?" अण्णा म्हणतात, "तू मार फेरा. बिरोबाचं मी बघतो."

त्या पडीक तुकड्याचा बांध मात्र कोणी फाळभरही आत सारलेला नाही. लगमाईच्या वंशातले कोणी असेल तर त्याला बोलवावे, त्याच्या हाताने ते रान पेरावे आणि गेनूची पाळी एकदा पुरी करावी, असा विषय सुगीनंतर देवळात दरसाल कोणीतरी काढतो. सगळे माना डोलावतात. तिच्या माहेरचे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. एसटी जाते तिथे.

अजून कोणी गेलेले नाही.