पारड्याखालचा पैसा

एका पैशात चिमूटभर तपकीरही मिळेनाशी झाली, तेव्हाची ही गोष्ट. नरसूशेट वाण्याने गल्ल्यात उरलेलं शेवटचं एक पैशाचं नाणं तराजूच्या हलक्या पारड्याखाली मेणाने चिकटवलं. दोन्ही पारडी समान झाली.

हे गल्ल्यातल्या रुपयांना खपेना. "ए फुकट्या, तुला विचारतंय कोण? उतर खाली!" ते रोज खेकसत. शेवटी कंटाळून पैसा सुटून पडला.

दुसऱ्या दिवशी गूळ घ्यायला आलेल्या पारूबाईंना रिकामी पारडी वरखाली दिसली. "शेट, काटा मारताय होय?" म्हणत त्या तडक समोरच्या दुकानात गेल्या. मागोमाग बाकीची गिऱ्हाइकंही गेली.

शेटने घाईघाईने एक रुपया चिकटवला. तो जड पडला, काटा उलट्या बाजूला कलला. रुपया गल्ल्यात भिरकावून शेट पोत्यांमागे रांगू लागला, "कुठं गेलास रे बाबा?"