कासविणीचे राहिलेले वाक्य

एका डोंगराच्या दोन्ही अंगांना जंगल पसरले होते. एका अंगाला दिवसभर ऊन, दुसऱ्या अंगाला दिवसभर सावली. उन्हाच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागे, एक अस्वल राहत असे. ते त्या जंगलाचे वैद्य होते. अंगावर एवढे दाट काळे केस आणि वरून ते ऊन, बिचाऱ्याच्या जिवाची सारखी तलखी होई. एके दिवशी त्याने वाळ्याची मुळे झऱ्याच्या पाण्यात भिजत घातली आणि ते पाणी घटाघटा प्यायले. काय सांगू मुलांनो, पोटातली आग शांत झाली, डोळे निवले, आणि दुपारी जी झोप लागली तिच्यात अस्वल ढग होऊन आभाळभर तरंगत राहिले! झाले, तेव्हापासून त्याने तेच एक औषध धरले. कोणी पोट धरून येवो की डोके, अस्वल तुंबा उचले आणि वाळ्याचे पाणी पाजी. उन्हाने कावलेल्या माकडांना आणि मोरांना त्याने खरेच बरे वाटे. मग काय, वैद्यबुवांची छाती फुगलेलीच!

सावलीच्या अंगाला, डोहाकाठी, एक म्हातारी कासवीण राहत असे. तिकडचे धुके दुपारपर्यंत उठत नसे. झाडांवरून थेंब टपटपत, शेवाळ पायाखाली मऊ लागे, आणि सारे रान अर्धवट झोपेत असल्यासारखे वाटे. ही कासवीण आजारी पडली. तिला घास जाईना, छाती भरून आली, मान कवचाबाहेर निघेना. अस्वल धावतच आले. लहानपणी त्याला पोहायला तिनेच शिकवले होते, तिच्यावर त्याची फार माया होती.

"मावशी, एवढं पी. लगेच बरं वाटेल बघ!"

"बाळा, मला ना..." कासवीण म्हणाली. पण तिचे बोलणे तिच्या चालीसारखेच संथ. पुढचा शब्द ओठांवर येईपर्यंत अस्वल डोंगर चढू लागलेही होते. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी अख्खा तुंबा रिकामा केला. कासविणीने डोळे मिटले ते उघडेनात. आता मात्र अस्वलाला वाटले, मावशी हातची जाते की काय!

चौथ्या दिवशी ते आले तेव्हा धुके इतके दाट होते की स्वतःचा पंजा दिसेना. परतीची वाट हरवली. नाइलाजाने ते मावशीला टेकून बसून राहिले. डोह दिसेना, डोंगर दिसेना, सकाळ आहे की दुपार तेही कळेना. नुसता थेंबांचा आवाज. हळूहळू त्याचे केस भिजले, गारठा हाडांत शिरला, आणि जन्मात कधी न कुडकुडलेले अस्वल कुडकुडू लागले. त्याने मावशीचा पाय पंजात धरला. तो गार पडला होता.

तेवढ्यात कवचातून बारीक आवाज आला, "मला ना... थंडी वाजते रे."

वाक्य एवढेच होते. ते ऐकायला अस्वलाला चार दिवस लागले.

त्याला रडू कोसळले. "मावशी गं, तलखी माझ्या अंगाची आणि औषध तुला पाजत बसलो मी! तुला काय होतंय ते विचारलंसुद्धा नाही!"

धुके जरा विरळ झाले तशी त्याने तिला पाठीवर घेतले आणि उन्हाच्या अंगाला तापलेल्या कातळावर आणून ठेवले. आले ठेचून, मधात कालवून, बोटबोटभर चाटवले. दोन दिवसांनी तिच्या तोंडाला चव आली. तिसऱ्या दिवशी तिने मान बाहेर काढली आणि उन्हाकडे बघून डोळे मिचकावले.

ही बातमी कळताच एक माकड उड्या मारत आले. "वैद्यबुवा, वैद्यबुवा! मावशींना दिलंत ते आलं-मध मलाही द्या!"

अस्वलाचा पंजा मधाकडे गेला आणि तसाच थांबला.

"आधी बस पाहू इथं," ते म्हणाले. "तुला गरम होतं का गार? भूक लागते का? झोप कशी येते?"

माकडच ते, बडबडत सुटले. ऊन पार कलून गेले, पण त्याचे बोलणे संपेपर्यंत अस्वल जागचे हलले नाही.

तात्पर्य : आपल्या अंगाला मानवले ते दुसऱ्याच्या अंगाला मानवेलच असे नाही, म्हणून औषध देण्याआधी आजाऱ्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.